मतदानाच्या शाईतील रसायनशास्त्र : म्हैसूरच्या कुपीत दडलेला मोलचा हिशेब

भारतात मतदान करणाऱ्या प्रत्येक नागरिकाच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर एक रेघ ओढली जाते. काही वेळाने ती काळसर होते आणि साबण, पाणी किंवा तेल यांना दाद देत नाही. एकाच व्यक्तीने दुसऱ्यांदा मतदान करू नये, यासाठी असलेली ही खूण ज्या अभिक्रियेवर उभी आहे, ती शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सापडते. महाराष्ट्रात नववीच्या वर्गात द्रव्याचे मोजमाप शिकवले जाते आणि दहावीत रासायनिक अभिक्रिया व समीकरणे. अनेक विद्यार्थ्यांना हे दोन्ही पाठ रुक्ष आणि भीतिदायक वाटतात. म्हैसूरमध्ये तयार होणाऱ्या या शाईची छोटी कुपी समोर ठेवली, तर या दोन्ही पाठांतील बराचसा भाग उलगडतो.

कारखाना संस्थानकाळातला

नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या कारकिर्दीत, १९३७ मध्ये, म्हैसूर येथे ‘म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स’ हा कारखाना सुरू झाला. नावाप्रमाणेच त्याचा संबंध लाख आणि रंगांशी होता. स्वातंत्र्यानंतर तो सरकारी मालकीचा झाला आणि १९८९ पासून तो ‘म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश लिमिटेड’ या नावाने ओळखला जातो. कर्नाटक सरकारच्या या उपक्रमाने तयार केलेली न पुसणारी शाई १९६२ च्या तिसऱ्या लोकसभा निवडणुकीत वापरली गेली. शाईचे सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत विकसित झाले होते. ते आजही गोपनीय आहे. मात्र तिच्यातील मुख्य घटक सिल्व्हर नायट्रेट आहे, हे सर्वश्रुत आहे.

बोटावर काय घडते?

सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण रंगहीन असते. शाई लावताच दिसणारा जांभळा रंग तिच्यात मिसळलेल्या रंगद्रव्याचा असतो आणि तो धुण्याने फिका पडू शकतो. खरी खूण नंतर उमटते. त्वचेवरील घामात मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड असते. त्याच्याशी सिल्व्हर नायट्रेटची अभिक्रिया होते :

सिल्व्हर नायट्रेट + सोडियम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड + सोडियम नायट्रेट

दोन संयुगांनी आपापल्या घटकांची अदलाबदल केली, म्हणून पाठ्यपुस्तक हिला दुहेरी विस्थापन अभिक्रिया म्हणते. तयार झालेले सिल्व्हर क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. परीक्षानळीत त्याचा पांढरा अवक्षेप, म्हणजे साका दिसतो. बोटावर तो त्वचेच्या वरच्या थरात अडकून राहतो. त्यानंतर प्रकाशाचे काम सुरू होते :

२ सिल्व्हर क्लोराइड → २ सिल्व्हर + क्लोरीन

हे प्रकाशामुळे होणारे अपघटन आहे. सुटी झालेली चांदी इतक्या सूक्ष्म कणांच्या रूपात असते की ती चकाकत नाही, काळी दिसते. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच सिल्व्हर क्लोराइडचे हे काळवंडणे अभ्यासले होते. पुढे छायाचित्रणाची कला चांदीच्या क्षारांच्या याच स्वभावावर उभी राहिली.

वर्गात चुकते ते याच दुसऱ्या समीकरणात. पहिले समीकरण आपोआप संतुलित आहे; दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखेच आहेत. दुसऱ्यात मात्र क्लोरीनचा रेणू दोन अणूंचा असतो आणि सिल्व्हर क्लोराइडच्या सूत्रात क्लोरीनचा अणू एकच. अशा वेळी बरेच विद्यार्थी सूत्राच्या पायथ्याशी २ हा अंक जोडून मोकळे होतात. समीकरण कागदावर जुळते, पण पदार्थच बदलतो! असे संयुग बाटलीत नसते आणि बोटावरही नसते. सूत्राला हात न लावता त्याच्या आधी सहगुणक लिहायचा, एवढाच नियम आहे. रेणूंची संख्या बदलता येते, त्यांची घडण नाही.

कुपीचा हिशेब

या सहगुणकांचा अर्थ ग्रॅम असा नाही, ही दुसरी अडचण. एक ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटला एक ग्रॅम मीठ लागत नाही. अणूंचे वजन वेगवेगळे असल्याने त्यांची मोजणी मोल या एककात करावी लागते. किराणा दुकानदार खिळे मोजत बसत नाही, वजन करून देतो. रसायनशास्त्रात तेच करावे लागते. चांदीचे अणुवस्तुमान १०८, नायट्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे मिळून ४८. म्हणून सिल्व्हर नायट्रेटचा एक मोल १७० ग्रॅम भरतो. सोडियमचे २३ आणि क्लोरीनचे ३५.५ मिळून मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅमचा.

म्हैसूरच्या शाईतील नेमके प्रमाण जाहीर नसल्याने केवळ उदाहरणासाठी असे धरू, की १०० मिलिलिटर शाईत १७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आहे. मग १० मिलिलिटरच्या कुपीत ते १.७ ग्रॅम, म्हणजे ०.०१ मोल असेल. त्याला ०.०१ मोल, अर्थात ०.५८५ ग्रॅम मीठ पुरते. त्यातून १.४३५ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइड आणि ०.८५ ग्रॅम सोडियम नायट्रेट मिळेल. अभिकारकांची बेरीज २.२८५ ग्रॅम, उत्पादितांचीही तेवढीच. द्रव्य अक्षय्यतेचा नियम येथे डोळ्यांसमोर सिद्ध होतो. एखाद्याने मीठही १.७ ग्रॅम घेतले, तर साका तेवढाच मिळेल आणि १.११५ ग्रॅम मीठ तसेच उरेल. जो अभिकारक आधी संपतो, तोच उत्पादिताचे प्रमाण ठरवतो.

अशा एका कुपीतून सुमारे ७०० मतदारांच्या बोटांना शाई लावता येते, असे सांगितले जाते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ०.०१४ मिलिलिटर शाई आणि, वरील गृहीतानुसार, दीड मिलिग्रॅमच्या आसपास चांदी येते. तेवढ्या शाईतील सगळ्या चांदीला पुरेल एवढे मीठ एक मिलिग्रॅमहूनही कमी भरते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी म्हैसूरहून सुमारे साडेसव्वीस लाख कुप्यांचा पुरवठा झाला. १० मिलिलिटरच्या हिशेबाने ही शाई २६,५०० लिटर होते. गृहीत धरलेल्या प्रमाणाने तिच्यातील चांदी २,८०० किलोहून अधिक भरते. गंमत अशी, की एवढ्या कुप्या १८५ कोटी मतदारांना पुरल्या असत्या, तर नोंदणीकृत मतदार सुमारे ९७ कोटी होते. हा फरक रसायनशास्त्राने सुटत नाही. मतदान केंद्रे सुमारे साडेदहा लाख होती आणि मतदार थोडे असले, तरी प्रत्येक केंद्रावर कुपी लागतेच, शिवाय एखादी राखीवही.

समीकरणात न मावणारे

समीकरण प्रमाण सांगते, वेळ सांगत नाही. खूण किती लवकर काळी होईल, हे उन्हावर अवलंबून असते. घामातील मीठ जेथे अपुरे पडते, तेथेही चांदीचे आयन त्वचेतील प्रथिनांशी जोडले जाऊन प्रकाशात काळवंडतात. ही अभिक्रिया शालेय पुस्तकातील एका ओळीत बसण्याइतकी सोपी नाही. पाण्यात न विरघळणारी ही खूण अखेर जाते, ती त्वचेच्या मृत पेशी झडतात म्हणून. नखावर ती अनेक आठवडे टिकते, कारण तेथे नख वाढून कापले जाण्याची वाट पाहावी लागते. २००६ पासून रेघ नखाच्या टोकापासून तर्जनीच्या पहिल्या सांध्याच्या खालपर्यंत ओढली जाऊ लागली. त्यापूर्वी ती नख आणि त्वचा यांच्या सांध्यावर लावली जात असे.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे पाहणे अवघड नाही. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत ठेवलेले असते, तेही प्रकाशापासून जपण्यासाठीच. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, त्याच्या अगदी विरल द्रावणात मिठाच्या पाण्याचे काही थेंब टाकले की पांढरा साका तयार होतो. तो दोन परीक्षानळ्यांत विभागून एक नळी उन्हात ठेवावी आणि दुसरी काळ्या कागदात गुंडाळावी. उन्हातील साका हळूहळू करडा, मग जांभळट काळा होऊ लागतो; कागदातील पांढराच राहतो.