नेवऱ्या विकतच्या आणल्या

कर्करोगावरचं रेडिएशन संपलं तेव्हा घरातली सगळी म्हणाली, सुटलीस! मी मात्र डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातून अर्ध्यावरच रिक्षा करून घरी येत होते. झोप पुरी व्हायची, तरी सकाळी अंग शिशासारखं जड. केस धुवायचे तरी आधी मनाची तयारी करावी लागे.

मामेसासूबाई ऐकवायच्या, “अगो, पर्रीकरांनी नाकात नळी घालून अर्थसंकल्प मांडला!” मांडला खरा, गोव्याचे मुख्यमंत्री असताना, कर्करोगाशी झुंजत, ३० जानेवारी २०१९ ला. १७ मार्चला ते गेले. त्यांच्या जिद्दीला नमस्कार. पण त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांची काय गत झाली असेल, ते कुणी पाहिलंय?

हा थकवा आळस नव्हे आणि नुसत्या विश्रांतीने जातही नाही. उपचार संपल्यावर तो कित्येक महिने, काहींना वर्षानुवर्षं छळतो. कधी रक्त कमी असतं, कधी थायरॉइड बिघडलेलं, कधी दुखणं, जागरण, उदासी किंवा चालू गोळ्या. म्हणून बांबोळीच्या इस्पितळात तपासणीला गेल्यावर ‘बरं आहे’ म्हणून उठू नये, आकडा सांगावा. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. चार किंवा त्यावर असेल तर कारण शोधायला हवं. मी सात सांगितले. हिमोग्लोबिन कमी निघालं.

ते सुधारल्यावरही थकवा पुरता गेला नाही. पडून राहिलं की तो वाढतो, हे मला पटायला वेळ लागला. चालण्याचा उपयोग अभ्यासांतून चांगलाच दिसलाय. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, इथवर हळूहळू पोचायचं. मी तुळशीपासून गडग्यापर्यंत सुरुवात केली. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत. ताप, धाप, छातीत दुखणं किंवा एकाएकी चक्कर आली, तर मात्र थकवा म्हणून घरी बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

गणेश चवथीला खरी कसोटी. अंगातली ताकद कुठे खर्चायची ते आधीच ठरवलं. खोबरं खवायला जमिनीवर बसणं बंद. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी दिरांनी बांधली. तोरिंगण कुठे, आंबाडे कुठे, ते मी खुर्चीत बसून सांगितलं. नेवऱ्या बचतगटाच्या बायकांकडून आणल्या.

“विकतच्या?” मामेसासूबाईंनी विचारलंच.

“होय. मला आरतीला उभं राहायचंय.”

त्यांनी दोन खाल्ल्या, मग तिसरी. धाकट्या जावेने त्या बायकांचा फोन नंबर पुढच्या वर्षासाठी लिहून घेतलाय.