शेजारचा आरडाओरडा आणि आपण



रात्री शेजारून किंवा फडाकडेच्या कोपीतून बाईचा ओरडा आला की आपण म्हणतो, 'नवरा-बायकोचं भांडण, मध्ये कशाला पडा?' खटल्याचीही भीती. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ही माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि सद्हेतूने दिली तर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. मारहाण चालूच असेल तर ११२ फिरवावा. एकट्याने घुसू नये. दोघातिघांनी बाहेरून हाक मारावी, निमित्त काहीही चालतं. बाईशी दुसऱ्या दिवशी घरच्या बाईनेच बोलावे, नवऱ्यादेखत नव्हे. तोडणीत दोघं मिळून एक कोयता, पण उचल बहुधा नवऱ्याच्याच हाती. मग जायचं म्हटलं तरी तिच्याकडे एस.टी.चं भाडंसुद्धा नसतं.