१८६५ सालचं सैनिकाचं पत्र कसं वाचावं

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ च्या एप्रिलात संपलं, असं आपण पुस्तकांत वाचतो. ९ एप्रिलला व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस या खेड्यात दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला, हे खरंच. पण त्या वेळी उत्तरेच्या फौजेत दहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि ती दुसऱ्या दिवशी घरी गेली नाहीत. कुणी महिनाभर, कुणी वर्षभर छावणीतच राहिलं आणि तिथून घरी पत्रं लिहीत राहिलं. घरून येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न असे: लढाई संपली, मग तू अजून आला का नाहीस?

ही पत्रं आज घरबसल्या वाचता येतात. व्हर्जिनिया विद्यापीठाने ‘व्हॅली ऑफ द शॅडो’ या प्रकल्पात उत्तरेकडचा एक आणि दक्षिणेकडचा एक असे दोन जिल्हे निवडून तिथल्या लोकांची पत्रं इंटरनेटवर खुली केली आहेत. ‘प्रायव्हेट व्हॉइसेस’ या संग्रहात जेमतेम लिहिता येणाऱ्या साध्या शिपायांची पत्रं आहेत. आपण यातलं एखादं पत्र उघडलंत, तर पहिल्या पानावरच अडखळण्याची शक्यता आहे. म्हणून कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं आणि कुठे फसगत होते, ते क्रमाने पाहू.

मजकुराकडे वळण्याआधी तारीख आणि ठिकाण वाचा. युद्ध एका दिवशी सगळीकडे थांबलं नाही. लीनंतर जोसेफ जॉन्स्टनची फौज नॉर्थ कॅरोलिनात २६ एप्रिलला शरण आली आणि मिसिसिपी नदीपलीकडच्या फौजेच्या शरणागतीवर टेक्सासात २ जूनला सही झाली. मधल्या काळात, १४ एप्रिलला, अध्यक्ष लिंकन यांना गोळी घातली गेली. त्यामुळे २० एप्रिलचं पत्र नॉर्थ कॅरोलिनातून आलेलं असेल, तर लिहिणाऱ्यासमोर शत्रूची फौज अजून उभी आहे. तेच पत्र व्हर्जिनियातलं असेल, तर त्याच्यासमोर कुणी नाही. पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला ठाऊक नव्हतं. वाचताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

या तारखा आपल्याकडेही जाणवल्या होत्या. युद्धामुळे अमेरिकी कापूस बंद झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शांततेची बातमी येताच तो कोसळला आणि १८६५ सालीच मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या.

मग पत्र कोणत्या बाजूच्या सैनिकाचं आहे ते पाहा, कारण एप्रिलनंतर दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार अगदी वेगळ्या वाटेने गेला. दक्षिणेच्या शरण आलेल्या सैनिकाला ‘पॅरोल’ मिळे. पुन्हा शस्त्र उचलणार नाही, असा शब्द देऊन झालेली ही सुटका. अ‍ॅपोमॅटॉक्सला सुमारे अठ्ठावीस हजार जणांना अशी सुटका मिळाली. हातात छापील परवाना, खिशात कवडीमोलाच्या दक्षिणी नोटा आणि पुढे शेकडो मैलांची पायपीट. तो पत्र कुठून लिहिणार, आणि कशाला? बहुधा पत्राआधी तोच दारात पोचे. दक्षिणेकडच्या कुटुंबाच्या गठ्ठ्यात एप्रिलनंतर पत्रं दिसत नाहीत, म्हणून मुलगा मेला असेल असा तर्क नवखा वाचक हमखास करतो. तो करू नये.

दक्षिणेचे जे सैनिक उत्तरेत कैदेत होते, त्यांची पत्रं मात्र त्या मे-जूनमध्येही येत राहिली. फोर्ट डेलावेअर, पॉइंट लुकआउट, जॉन्सन्स आयलंड ही तिथल्या कैदी छावण्यांची नावं. कैद्यांची पत्रं तपासून मगच पुढे जात आणि युद्धकाळात त्यांना साधारण एका पानाची मर्यादा होती. असं पत्र कोरडं वाटलं, तर लिहिणारा कोरडा होता असं समजू नका. त्याला जागा कमी होती आणि परका डोळा ते वाचणार होता. या कैद्यांपैकी बऱ्याच जणांची सुटका जूनमध्ये, अमेरिकेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतल्यावर झाली.

यापुढचा टप्पा पाकिटाचा. बहुतेक लोक पत्र वाचतात आणि पाकिटाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. खरं तर पाकीट पत्राइतकंच बोलतं.

उत्तरेच्या सैनिकाला येणाऱ्या पत्रावर त्याचं नाव, कंपनी, पलटण, कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून होणारी मोठी तुकडी, आणि शेवटी बहुतेकदा ‘वॉशिंग्टन’ असा पत्ता असे. आता सैनिक वॉशिंग्टनमध्ये होता असा अर्थ घेतलात की फसलात. फौज जागा बदलत असे, म्हणून पूर्वेकडच्या फौजेचं टपाल आधी राजधानीत जाई आणि तिथून पलटणीच्या मागे धाडलं जाई. पलटण हलली की पत्र तिचा माग काढत फिरे. माणूस नेमका कुठे होता हे हवं असेल, तर त्याने स्वतः पत्राच्या डोक्यावर काय लिहिलंय ते पाहायचं. पाकिटावरचा पत्ता किंवा टपालाचा शिक्का त्यासाठी धरून चालत नाही.

तिकिटावरूनही बरंच कळतं. १८६३ पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, तीन सेंट पडत. शिपायाकडे तिकीट नसेल तर तो पाकिटावर ‘सोल्जर्स लेटर’ असं लिहून अधिकाऱ्याची सही घेई, आणि ते तीन सेंट पत्र घेणाऱ्याकडून वसूल होत. १८६१ च्या कायद्यानेच ही सोय झाली होती. म्हणून कोपऱ्यात ‘ड्यू ३’ असा शिक्का दिसला, तर गावाकडच्या आईने किंवा बायकोने टपाल कचेरीत जाऊन पैसे मोजले आणि मग पत्र हातात घेतलं, हे समजावं. जावंच लागे, कारण घरपोच टपाल १८६३ पासून फक्त काही शहरांत सुरू झालं होतं. खेड्यातल्या माणसाला कचेरी गाठावी लागे. न नेलेल्या पत्रांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून येत, आणि तरीही कुणी आलं नाही तर ती पत्रं वॉशिंग्टनच्या ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये, म्हणजे बेवारस पत्रांच्या कचेरीत, उघडली जात.

दक्षिणेत तर टपालच मोडून पडलं होतं. तिथल्या बंडखोर सरकारची तिकिटं, त्यांतल्या बहुतेकांवर त्या सरकारचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचं चित्र असे, एका वसंतात रद्दी झाली. नवीन कचेऱ्या उघडायच्या, तर टपालमास्तराला ‘बंडाला मी कधीही मदत केली नाही’ अशी शपथ घ्यावी लागे. चार वर्षं ज्या गावांनी ते बंड पोसलं, तिथे अशी शपथ घेऊ शकणारा माणूस आणायचा कुठून? १८६६ च्या अखेरीसही दक्षिणेतल्या युद्धापूर्वीच्या कचेऱ्यांपैकी निम्म्याही पुन्हा चालू झाल्या नव्हत्या. दोन पत्रांत चार महिन्यांचं अंतर दिसलं, तर आधी या मोडक्या टपालाला दोष द्या, माणसांना नंतर.

आता पत्र उघडू. शाई तपकिरी झालेली असेल. कागद वाचवण्यासाठी पुष्कळ जण पान भरलं की तेच पान आडवं फिरवून, लिहिलेल्या ओळींवरून पुन्हा ओळी लिहीत. पहिल्यांदा ती जाळी पाहून डोकं गरगरतं. उपाय सोपा आहे: एकाच दिशेच्या ओळी धरून, पान किंचित तिरकं करून, शेवटपर्यंत वाचत जा आणि दुसऱ्या दिशेकडे तोपर्यंत पाहूच नका. स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं केलेलं असतं आणि पूर्णविराम नसतातच, म्हणून अडलेली ओळ मोठ्याने वाचा. डोळ्याला न लागलेला शब्द कानाला लागतो.

सुरुवातीची वाक्यं जवळजवळ प्रत्येक पत्रात तीच असतात: लेखणी हाती घेऊन कळवतो की मी खुशाल आहे, या चार ओळी मिळतील तेव्हा तुम्हीही तसेच असाल अशी आशा आहे. आपल्याकडे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ आणि ‘इकडील सर्व क्षेम’ लिहीत, तसाच हा रिवाज. त्यावरून त्याची तब्येत ठरवू नका. खरी तब्येत सहसा पुढे, पगार किंवा शेतीच्या गोष्टीच्या मध्येच, एका अर्ध्या वाक्यात येते.

मजकुरात आपल्याला वारंवार दिसेल ती सुटकेची तारीख. ‘मस्टर आउट’ म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करून सैनिकाला रीतसर मोकळं करणं. २३ आणि २४ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये विजयी फौजेचं मोठं संचलन झालं, आणि घरच्यांना वाटलं की आता हे सगळे परतणार. पण आधी सोडलं ते ज्यांच्या नोकरीची मुदत त्या सप्टेंबरअखेर संपत होती त्यांना. उशिरा भरती झालेले अडकले. मेक्सिकोत फ्रेंच फौज होती, म्हणून हजारो सैनिक टेक्सासकडे रवाना झाले. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आठ लाख माणसं मोकळी झाली, पण कुणाची पाळी कधी येणार हे पलटणीला सांगितलं जात नसे. म्हणून ‘पुढच्या आठवड्यात निघतो’ असं तीन पत्रांत ओळीने सापडलं, तर त्याला खोटारडा ठरवू नका. छावणीत उठलेली अफवा त्याने इमानदारीने घरी कळवलेली असते. साध्या शिपायाला महिना सोळा डॉलर मिळत, तेही महिनोन्‌महिने थकलेले. घरी बियाणाला पैसे नाहीत आणि हा मात्र तारीख सांगत बसलाय, ही बायकोची चीड त्याने तिला दिलेल्या उत्तरांतूनही जाणवते.

सगळ्यात जास्त अडकले ते कृष्णवर्णीय सैनिक. उत्तरेच्या फौजेत त्यांची संख्या एक लाख ऐंशी हजारांच्या घरात होती आणि बरेच जण गुलामीतून सुटून आलेले. पंचविसावी कोअर संपूर्ण त्यांची होती, तिला मे-जूनमध्ये जहाजांतून टेक्सासला पाठवलं. गुलामाला वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता. त्यामुळे इथे एक गोष्ट तपासावी लागते: पत्र स्वतः लिहिलेलं आहे की कुणाकडून लिहवून घेतलेलं? पुष्कळ जण छावणीत अक्षरं शिकले, इतरांसाठी पलटणीचा धर्मोपदेशक किंवा एखादा सोबती लिही. अक्षर सुबक आणि भाषा पुस्तकी असेल, तर विचार कुणाचा आणि शब्द कुणाचे, हे वेगळं करून वाचा.

या सैनिकांचं घरचं दुखणं घरापुरतं राहत नसे. नॉर्थ कॅरोलिनातल्या रोआनोक बेटावर त्यांची कुटुंबं सरकारी आश्रयाला होती. तिथला शिधा तोडला जातोय हे कळल्यावर ३६ व्या कृष्णवर्णीय पलटणीतल्या सैनिकांनी १८६५ च्या उन्हाळ्यात मुक्त झालेल्या गुलामांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याच्या प्रमुखाकडेच लेखी तक्रार केली. आम्ही इथे सरकारची चाकरी करतोय आणि आमची बायकापोरं तिथे उपाशी आहेत, असा तिचा आशय. माझ्या मते या सगळ्या पत्रव्यवहारातलं हे सर्वांत मोलाचं पान. मेरीलँड विद्यापीठाच्या एका प्रकल्पाने अशी पत्रं जमवून छापली आहेत. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या लढ्याची आतली बाजू आपल्याला इथे वाचायला मिळते.

आता गठ्ठ्यातल्या शेवटच्या पत्राकडे. ते सैनिकाचं नसून अनोळखी हस्ताक्षरात असेल, तर सावकाश वाचा. त्या काळी सरकारकडून मृत्यूची खबर घरी पाठवण्याची पक्की व्यवस्था नव्हती. सोबती, परिचारिका किंवा पाद्री लिहीत, आणि त्यात मरताना तो काय म्हणाला, शांत होता का, कुठे पुरला, हे आवर्जून सांगत. आईला धीर यावा म्हणून शेवट थोडा मऊ करूनही सांगत. पुरल्याची खूण, झाड किंवा ओढा, ही माहिती मात्र सहसा नेमकी असते, कारण घरचे तिथवर येतील असं लिहिणाऱ्याने धरलेलं असतं.

आणि ज्यांच्याबद्दल असं पत्रही आलं नाही? त्यांच्यासाठी क्लारा बार्टन यांनी वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावरच्या आपल्या खोल्यांत बेपत्ता सैनिकांच्या शोधाची कचेरी चालवली. १८६८ पर्यंत त्यांच्याकडे त्रेसष्ट हजारांवर पत्रं आली आणि बावीस हजार जणांचा ठावठिकाणा लागला. बार्टन बेपत्तांच्या याद्या छापून गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत लावत. एका यादीत आपलं नाव पाहून एका जिवंत सैनिकाने त्यांना रागाने लिहिलं की, माझं नाव असं देशभर मिरवायला मी केलं तरी काय? बार्टन यांनी उत्तर धाडलं: तुझी आई वाट पाहून गेली, आणि तिच्या शेवटच्या इच्छेखातर तुझी बहीण तुला शोधते आहे. बेपत्ता म्हणजे मृत असं समजण्याआधी हा माणूस आठवावा.

एक प्रश्न राहतो: घरच्यांची पत्रं कमी का? सैनिकाची पत्रं घरच्या पेटीत टिकली. घरची पत्रं त्याच्या पाठपिशवीत होती, ती पावसात भिजली, वाटेत टाकली गेली, किंवा परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून त्याने जाळली. त्यामुळे बायकोचं बोलणं आपल्याला त्याच्या उत्तरांतून अंदाजाने काढावं लागतं. ‘गाय विकू नकोस’ असं तो लिहितो, तेव्हा तिने गाय विकायचं लिहिलेलं असतं.

काही पत्रं भलत्याच जागी सापडतात. १८६२ च्या कायद्याने साध्या शिपायाच्या विधवेला महिना आठ डॉलर पेन्शन होतं. आईला ते हवं असेल, तर घर या मुलाच्या कमाईवर चालत होतं हे सिद्ध करावं लागे. पुरावा काय? ‘सोबत दहा डॉलर पाठवत आहे’ असं लिहिलेली त्याची पत्रं. कित्येक आयांनी ती अर्जाला जोडली आणि ती आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या फायलींत आहेत.

आपल्या घरातही पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातल्या पणजोबांची पत्रं असतील, तर ती पाकिटांसह ठेवा, तिकिटं कापून काढू नका, प्लॅस्टिकमध्ये चिकटवू नका. कुणाचं, कुणाला, कुठून, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा.