पोस्त, बक्षिसी आणि पगार

हॉटेलात बडीशेपेच्या बशीतून बिल येते आणि उरलेली मोड उचलावी की तशीच राहू द्यावी, या विचाराने मध्यमवर्गीय माणसाची क्षणभर घालमेल होते. तिला कंजूषपणा म्हणणे अन्यायाचे होईल. आपण देतो ते दान, मोबदला, की केवळ लोकलाजेचा कर, हेच त्याला नीट उमगलेले नसते. मराठी भाषा मात्र या बाबतीत सावध आहे. दिवाळीला पोस्टमनच्या हातावर ठेवतात ती पोस्त, कामावर खूष होऊन देतात ती बक्षिसी आणि काम अडू नये म्हणून सरकवतात ती चिरीमिरी. रक्कम तीच, देण्याची वेळ आणि घेणाऱ्याची जागा बदलली की तिचे नाव बदलते. सरकारी इस्पितळात स्ट्रेचर हलण्यापूर्वी मागितलेल्या पैशाला 'खुशी' म्हटले, तरी ती लाचच होय. गॅसचे सिलिंडर घरपोच करण्याचा आकार किमतीतच धरलेला असतो. दारात वर काही देण्याचे बंधन गिऱ्हाइकावर नाही. चार जिने चढून धापा टाकणाऱ्या माणसापुढे हा नियम उच्चारणे जड जाते, ही गोष्ट निराळी.

खरा पेच आहे तो हॉटेलातील नोकराचा. बिलात परस्पर 'सेवा शुल्क' लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. मालकांच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. बशीतले पैसे हसतमुख वेटरला मिळतात. भटारखान्यात भट्टीपुढे घामाघूम होणाऱ्याला वा मोरीवर भांडी घासणाऱ्याला गिऱ्हाइकाचे दर्शनही घडत नाही. सेवा शुल्क सर्वांत वाटता येते, हे खरे. परंतु ते खरोखर वाटले जाते की गल्ल्यातच मुरते, हे गिऱ्हाइकाने कोणत्या वहीत पाहावे? आणि नोकरांची एवढी कळकळ असेल, तर डोशाच्या दरात चार रुपये वाढवून ते पगारात घालण्यास कोणी हरकत घेतली आहे काय?

अडचण येथेच आहे. पगार वाढवला की तो कायमचा वाढतो; टिप ही वाऱ्यावरची वरात. मालकामार्फत नोकरांना वाटली जाणारी टिप हा पगार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली प्राप्तिकराच्या एका खटल्यात दिला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच; पण तिच्या भरवशावर घर चालवणाऱ्याची स्थिती त्यातून उघड होते. या वाटेने किती दूर जाता येते, हे अमेरिकेत दिसते. तेथील संघराज्याच्या कायद्यानुसार, टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने ताशी २.१३ डॉलर रोख दिले तरी भागते. उरलेले किमान वेतन टिपांतून निघावे, आणि न निघाल्यास तेवढेच मालकाने भरावे, अशी ही योजना. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. तेथे टिप न ठेवणारे गिऱ्हाईक असभ्य ठरते. कमी पगार देणारा मालक ठरत नाही!

यावर हसण्यापूर्वी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, गिरणीमालकांनी बोनस सुरू केला तो खुशीचा म्हणून. १९२३ चा बोनस नाकारला गेला, १९२४ च्या आरंभी प्रचंड संप झाला, आणि चौकशी समितीने सांगितले की कामगारांचा बोनसवर कोणताही हक्क नाही. तो हक्क कायद्यात उतरण्यास १९६५ साल उजाडावे लागले. मुंबई महापालिकेतील कारकून आणि शिक्षक दिवाळीच्या तोंडावर ज्या रकमेच्या घोषणेची वाट पाहतात, तिला अजूनही 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. या शब्दातील 'अनुग्रह' ज्यांना बोचतो, त्यांना वेटरच्या मनात काय चालत असेल, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून देऊच नये काय? अवश्य द्यावे. पण बिलात सेवा शुल्क असेल तर ते काढून टाकावयास सांगावे आणि ऐपतीप्रमाणे नोकराच्या हातात द्यावे. 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारून मग वीस रुपयांनी भरपाई करू नये. हातात देण्याची ही रीतही आता कठीण होत चालली आहे. मोबाईलवरून बिल चुकते केले की पैसा न पैसा थेट मालकाच्या खात्यात जमा होतो. बशीत मोड उरत नाही, आणि बडीशेप घेऊन उठणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काही न देता निघालो, हे लक्षातही येत नाही. वेटरच्या मात्र ते लक्षात येते, आणि महिनाअखेरीस त्याच्या घरच्यांच्याही.