पावलाखालचे कास

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे 25 किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचीवर पसरलेल्या कासच्या पठारावर भाद्रपदात जो पुष्पसंभार प्रकट होतो, त्याची कीर्ती आता घरोघरी पोहोचली आहे. आणि 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या 39 स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कोयना, चांदोली व राधानगरी यांच्या जोडीने कासचीही गणना झाल्यापासून तर तेथे जाणाऱ्यांची रीघ लागली आहे. परंतु हा वारसा किती जाडीच्या मातीवर उभा आहे, याचा विचार त्या रिघेतील फार थोड्यांच्या मनात येत असावा.

कास म्हणजे जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा. त्या दगडाच्या खळग्यांत आणि भेगांत साचलेली माती पुष्कळ ठिकाणी चार बोटेही खोल नाही. पावसाळ्यात तिच्यावर पाणी तुंबते, उन्हाळ्यात ती करपून निघते, आणि वर्षानुवर्षांच्या पर्जन्याने तिच्यातील पोषक द्रव्ये धुऊन नेलेली असतात. अशा निःसत्त्व भूमीवर सुमारे 850 जातींच्या सपुष्प वनस्पतींनी संसार थाटला आहे. पठारावरील वाटेच्या कडेला, उघड्या कातळावर गुडघे टेकून एखाद्या परातीएवढ्या खळग्याकडे पाहावे: गेंदाचे पांढरे गोंडे काड्यांच्या टोकांवर डुलत असतात, त्यांच्या पायाशी सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा थवा असतो, आणि काठाशी दवबिंदूचे तांबूस रोप पानांवरील चिकट थेंबांनी चिलटे धरीत उभे असते. मातीत नत्र नाही म्हणून दवबिंदू कीटक पचवतो. सीतेची आसवे तेच काम ओल्या मातीत दडलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिशव्यांनी करतात.

या खळग्यात एक पाऊल पडले म्हणजे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. फुले मोडतात हे तर उघडच. पण ओली माती दाबली जाऊन तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात, त्या नाजूक पिशव्या चिरडतात, आणि पुढल्या वर्षीचे जे बी तेथे पडायचे ते धरलेच जात नाही. मागून येणाऱ्या गृहस्थास ती चेपलेली जागा दिसते आणि उभे राहण्यासाठीच ती ठेवलेली असावी, असा त्याचा प्रामाणिक समज होतो. तो तेथे उभा राहून कुटुंबाचे छायाचित्र काढतो, तिसरा त्याच्या पुढे दोन पावले जातो, आणि सायंकाळपर्यंत फुलांच्या मधोमध एक नवी पायवाट तयार झालेली असते. यांतील एकाच्याही मनात नाश करण्याचा हेतू नसतो, हीच या प्रश्नातील खरी अडचण आहे.

बंदोबस्ताची तजवीज झालेली नाही, असे कोणी म्हणू नये. वनखाते आणि आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती यांनी प्रवेशशुल्क बसवले, हंगामात दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा घातली, वाहनतळ दूर नेले, आणि गावातील माणसे शिट्टी घेऊन दिवसभर पावसात उभी राहतात. मध्यंतरी पठाराभोवती तारेचे कुंपणही घालण्यात आले. परंतु त्यामुळे गुरांची चराई थांबली, गवत माजले, फुलांचा बहर ओसरल्याची तक्रार होऊ लागली आणि अखेर ते कुंपण काढावे लागले. माझे मत असे की, ज्या ठिकाणी हानीचे माप एका तळव्याएवढे असते, त्या ठिकाणी कोणताही हुकूम, कोणताही पहारेकरी तीन हजार जोडी पायांवर नजर ठेवू शकणार नाही. ते काम ज्याचे पाय त्यानेच करावयाचे आहे.

आणि ते अवघड मुळीच नाही. आखलेली वाट किंवा उघडा कातळ सोडू नये. शनिवार-रविवार टाळून आडवारी जावे. खाऊचे वेष्टन तर परत आणावेच, पण केळीची साल आणि उरलेला भातही परत आणावा, कारण ज्या मातीचे निकसपणच दवबिंदूसारख्या वनस्पतींचा आधार आहे, तिला आपल्या उष्ट्याने सकस करणे म्हणजे रानटी गवताला आमंत्रण देणे होय. बुटांच्या तळांत आणि गाडीच्या चाकांत अडकलेल्या चिखलातून गाजरगवतासारख्या परक्या तणांचे बी प्रवास करते. ते घरीच धुऊन निघावे. शेजारचा कोणी फुलांत उतरला, तर "अहो दादा, जरा कातळावरून या, खाली रोपं आहेत," एवढे सौम्यपणे म्हणण्याचा संकोच करू नये. बहुतेक माणसे ऐकतात.

टोपली कारवीचे उदाहरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. तिचे झुडूप सुमारे सात वर्षे नुसते पानांनी वाढते, मग एकाच हंगामात सारा उतार जांभळा करून टाकते, बी धरते आणि मरते. त्या एका हंगामात ज्या झुडपात माणसे शिरली, त्याच्या साऱ्या आयुष्याची कमाई बी पिकण्यापूर्वीच मातीस मिळते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी त्याला दुसरा हंगाम नसतो. फुले सरल्यावर उभी राहिलेली तिची वाळकी, करडी झुडपे पाहून आता येथे काही उरले नाही असे वाटते. वास्तविक बी तेव्हाच पक्व होत असते.

म्हणूनच मला हंगामापेक्षा हंगामाबाहेरच्या महिन्यांची चिंता अधिक वाटते. माघ-फाल्गुनात पठार उजाड माळासारखे दिसते, शिट्टीवाला नसतो, शुल्क नसते, आणि मग कोणी गाडी थेट सड्यावर घालतो, कोणी रात्री शेकोटी पेटवतो. त्या चाकाखाली आणि त्या निखाऱ्याखाली वाळलेल्या मातीच्या पापुद्र्यात कंदीलपुष्पाचे कंद, गेंदाचे बी आणि कारवीचे बी जिवंत असते. मसाईच्या पठारावर आणि सह्याद्रीतील कितीतरी अनाम सड्यांवर थोड्याफार फरकाने हीच स्थिती आहे. तेथे तर ऐन भाद्रपदातही फाटक नाही, पावती नाही, आणि वाट कोणती हे येणाऱ्यानेच कातळ पाहून ठरवावे लागते.