वाइनमधली साखर कुठली?

कार्बनचे स्थिर समस्थानिक दोन: कार्बन-१२ (सुमारे ९८.९ टक्के) आणि कार्बन-१३ (सुमारे १.१ टक्के).

• प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून वनस्पतींचे सी-३, सी-४ असे प्रकार. द्राक्ष, बार्ली, बीट या सी-३ वनस्पती. त्यांच्यात कार्बन-१३ कमी. ऊस, मका सी-४; त्यांच्यात जास्त. हा फरक किण्वनानंतर अल्कोहोलमध्येही टिकतो. त्यामुळे वाइनमध्ये घातलेली उसाची साखर पकडली जाते.

• बीटची साखर मात्र कार्बनच्या चाचणीत निसटते. तिच्यासाठी अल्कोहोलच्या रेणूत ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) कुठे, किती आहे, हे एनएमआरने (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाने) मोजतात. ही पद्धत फ्रान्समधील नान्त विद्यापीठात १९८० च्या दशकात विकसित झाली. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये ती वाइनसाठी अधिकृत केली.

• वरून पाणी घातले, तर ऑक्सिजन-१८ घटतो.

• पेट्रोलियमपासून केलेल्या अल्कोहोलमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ नसतो.

• टकीला ज्यापासून बनते त्या अगेव्ह वनस्पतीतले कार्बन-१३ चे प्रमाण उसाच्या जवळपास; तिथे एकट्या कार्बनवरून भेसळ ठरत नाही.