अल्लाहची संकल्पना आणि ईमानाची अट

या मालिकेत आपण उपनिषदांतलं ब्रह्म पाहिलं, ख्रिस्ती धर्मातला त्र्येक परमेश्वर पाहिला. आज इस्लाम. विषयाचे दोन भाग करतो. इस्लामच्या मते अल्लाह कसा आहे, हा पहिला. आणि त्याच्यावर ‘ईमान’ ठेवायचं म्हणजे माणसानं नेमकं काय करायचं, हा दुसरा. दुसऱ्या भागाला मी जास्त वेळ देणार आहे. कारण खरे वाद तिथे झाले, आणि त्या वादांत माणसांचे प्राण गेलेले आहेत.

सुरुवातीला माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. वर्गात शंकराचार्यांचं निर्गुण ब्रह्म शिकवत होतो. बोलता बोलता म्हणून गेलो की, मुसलमानांचा अल्लाह म्हणजे तरी दुसरं काय, तोही निराकारच. तास संपल्यावर एक मुस्लिम विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, “सर, निर्गुणाजवळ दुआ कशी मागायची? आमचा अल्लाह तर ऐकतो.” मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर लक्षात आलं की त्या मुलीनं एका वाक्यात माझी चूक दाखवली होती.

आपल्याकडे निराकार आणि निर्गुण हे शब्द जोडीनं येतात, म्हणून ते एकच वाटतात. इस्लाममध्ये ते वेगळे काढावे लागतात. अल्लाह निराकार आहे, पण निर्गुण मुळीच नाही. तो जाणतो, ऐकतो, पाहतो, इच्छा करतो, आज्ञा देतो, क्षमा करतो, न्याय करतो. परंपरेनं त्याची 99 नावं सांगितली आहेत आणि त्यांतली बहुतेक गुणवाचक आहेत. रहमान आणि रहीम ही दयेची, अलीम हे ज्ञानाचं. त्याला मूर्ती नाही, अवतार नाही, संतती नाही. पण त्याच्याशी बोलता येतं आणि तो माणसाकडून काही अपेक्षा करतो. ही अपेक्षा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ‘एकच’ या शब्दाकडे वळू. अल्लाह हा शब्द पैगंबरांनी नवा आणलेला नाही. अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही देवाला अल्लाहच म्हणतात. मक्केतल्या लोकांनाही तो ठाऊक होता. पैगंबरांच्या वडिलांचं नाव अब्दुल्लाह, म्हणजे अल्लाहचा सेवक. हे नाव मुहंमदांच्या जन्माच्या आधी ठेवलेलं आहे, हे उघड आहे. मक्केचे लोक अल्लाहला निर्माता मानत, पण त्याच्या जोडीला इतर देवदेवताही पूजत. तेव्हा पैगंबरांचा संदेश ‘अल्लाह आहे’ एवढा नव्हता. भक्तीवर हक्क फक्त त्याचाच आहे, हा तो संदेश होता. याला म्हणतात तौहीद. त्याच्या उलट शिर्क, म्हणजे अल्लाहच्या अधिकारात भागीदार मानणं. आपण ‘शरीक होणे’ म्हणतो ना, तोच धातू. शिर्क करून, पश्चात्ताप न करता माणूस मेला तर त्या पापाला क्षमा नाही, अशी भूमिका आहे. इतर पापांची क्षमा अल्लाहच्या इच्छेवर आहे.

मग ही एकता केवळ संख्येची राहत नाही. निष्ठेची वाटणी करायची नाही, असा तिचा अर्थ होतो. पैसा, टोळी, राजा, स्वतःचा अहंकार यांना अंतिम मानणं हेही सूक्ष्म शिर्कच, असं सूफींनी वारंवार बजावलं आहे.

आता दुसरा भाग, ईमान.

गंमत अशी की हा शब्द मराठीत शेकडो वर्षं राहिलेला आहे. इमान, इमानदार, बेइमान. आपण एखाद्याला बेइमान म्हणतो तेव्हा त्याचं मत चुकलं असं आपल्याला म्हणायचं नसतं. त्यानं दगा दिला, असं म्हणायचं असतं. अरबी धातूत सुरक्षितता आणि विश्वास हे अर्थ आहेत. अमानत शब्द त्यातलाच. म्हणजे ‘देव आहे असं मला वाटतं’ एवढ्यानं ईमान होत नाही. त्यात भरवसा आहे आणि बांधिलकी आहे. उलट बाजूला कुफ्र. त्याचा मूळ अर्थ झाकणं. बी मातीखाली झाकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी कुराणात एके ठिकाणी हाच शब्द आला आहे, असं बहुतेक भाष्यकार मानतात. कुफ्रमध्ये नास्तिकपणापेक्षा मिळालेल्या देणगीबद्दलचा कृतघ्नपणा जास्त आहे.

कशाकशावर ईमान ठेवायचं, याची यादी सुन्नी परंपरेत ठरलेली आहे : अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, अंतिम निवाड्याचा दिवस आणि नियती. आचरणाची यादीही ठरलेली आहे : शहादा, नमाज, जकात, रोजा आणि हज. जकात म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर हाती राहिली तर तिचा साधारण अडीच टक्के भाग गरजूंना देणं. याद्या सोप्या आहेत. प्रश्न असा की, पहिली यादी मान्य आहे पण दुसरी पाळली जात नाही, अशा माणसाचं काय?

हा प्रश्न ग्रंथांतून निघालेला नाही, तो रणांगणावर निघाला. इ. स. 657 मध्ये सिफ्फीनला चौथे खलिफा अली आणि मुआविया यांची सैन्यं समोरासमोर आली. अलींनी लवाद मान्य केला, म्हणून त्यांच्याच बाजूचा एक गट फुटला. निर्णय देणं अल्लाहचं काम, तुम्ही ते माणसांवर सोपवलंत, हा त्यांचा आक्षेप. हे खारिजी. महापाप करणारा मुसलमान राहतच नाही, असं त्यांनी ठरवलं. 661 मध्ये कूफा शहरात अलींची हत्या एका खारिजीनंच केली. पहाटेच्या नमाजाची वेळ होती. अल्लाहवरच्या निष्ठेपायी अलींसारख्या माणसाला मारता येतं, इथपर्यंत ही विचारसरणी पोचली.

याच्या विरुद्ध मुर्जिआ उभे राहिले. नावाचा अर्थच ‘पुढे ढकलणारे’. ते म्हणाले, पाप्याचा निवाडा अल्लाहकडे ठेवा. बसऱ्यात हसन बसरींच्या शिष्यमंडळात हाच प्रश्न निघाला, तेव्हा वासिल इब्न अता यांनी तिसरं उत्तर दिलं : असा माणूस श्रद्धावानही नाही आणि काफिरही नाही, तो दोहोंच्या मधल्या ठिकाणी आहे. एवढं बोलून ते बाजूला झाले आणि तिथून मुअतजिला हा बुद्धिवादी संप्रदाय सुरू झाला, अशी परंपरागत कथा आहे.

मोठ्या इमामांतही मतभेद होते. अबू हनीफा म्हणाले, ईमान म्हणजे अंतःकरणाची मान्यता आणि जिभेची कबुली. आचरण आवश्यक, पण ते ईमानाचा घटक नाही. इमाम शाफिई आणि अहमद इब्न हनबल यांनी आचरणाला ईमानातच धरलं, म्हणून त्यांच्या मते ईमान वाढतं आणि कमी होतं. आपल्याकडे घाटावरचे बहुतेक सुन्नी हनफी आणि कोकणातले शाफिई. व्यवहारात दोघांचंही एका गोष्टीवर एकमत : पाप केल्यानं माणूस धर्माबाहेर जात नाही.

इथे एक गंभीर इशारा. सत्ता हातात आली की बुद्धिवादीही खारिजी होऊ शकतो. 833 मध्ये खलिफा मामूननं मुअतजिलांचं एक मत, कुराण हे निर्मित आहे, सगळ्या विद्वानांवर सक्तीनं लादायला सुरुवात केली. इब्न हनबल यांनी नकार दिला. त्यांना तुरुंगात टाकलं, नंतरच्या खलिफाच्या काळात फटके मारले. मत कोणाचं बरोबर होतं हा वेगळा विषय. अंतःकरणातलं मत फटके मारून तपासता येतं का, हा खरा प्रश्न.

याचं उत्तर परंपरेतच आहे. उसामा नावाच्या तरुण सहकाऱ्यानं लढाईत एका माणसाला मारलं. मरण्यापूर्वी त्यानं कलिमा उच्चारला होता. उसामाचं म्हणणं, तो भीतीनं बोलला. पैगंबर संतापले आणि त्यांनी विचारलं की, तू त्याचं हृदय चिरून पाहिलं होतंस का. हदीसमधला हा प्रसंग मला या सगळ्या वादाची किल्ली वाटतो.

अकराव्या-बाराव्या शतकातल्या गझालींनी कोणालाही काफिर ठरवताना फार जपायला हवं, यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच गझालींनी तीन मतांसाठी तत्त्वज्ञांना काफिर ठरवलं होतं, हेही सांगायला हवं. मोह इतका मोठा असतो!

हा इतिहास संपलेला नाही. 1953 मध्ये पाकिस्तानातल्या पंजाबात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या. न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांच्या चौकशी न्यायालयानं उलेमांना साधा प्रश्न विचारला : मुसलमान कोणाला म्हणायचं? 1954 च्या अहवालात नोंद आहे की दोन विद्वानांचंही व्याख्येवर एकमत झालं नाही. तरी 1974 मध्ये तिथल्या संसदेनं घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवलंच.

आता दोन्ही भाग जोडतो. अल्लाह सगुण आहे, आज्ञा देणारा आहे, म्हणून ईमान नुसतं मत राहू शकत नाही. ते जगण्यात उतरलं पाहिजे. ही इस्लामची मागणी कडक आहे आणि मला ती प्रामाणिक वाटते. पण अंतःकरण जाणणं हा गुणही त्याच अल्लाहचा आहे, आणि त्याच्या गुणांत भागीदार नाही. मग दुसऱ्याचं ईमान तपासायला बसणारा माणूस कोणाच्या अधिकारात वाटा मागतो? तौहीद काटेकोरपणे मानला तर ही खुर्ची रिकामीच ठेवावी लागते. हा निष्कर्ष माझा आहे. मी मुसलमान नाही, तत्त्वज्ञानाचा शिक्षक आहे. पण तर्क त्यांच्याच गृहीतांवरून केलेला आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग कायदा, समाज कशाच्या आधारे चालणार?)

माणसाच्या कृतीच्या आधारे. चोरी केली तर चोरीची शिक्षा द्या. त्यासाठी त्याच्या काळजात डोकवावं लागत नाही. आणि हे फक्त मुसलमानांना लागू आहे असं समजून घरी जाऊ नका. देशभक्ती, धर्मनिष्ठा, पक्षनिष्ठा यांची प्रमाणपत्रं वाटणारे आपल्याही गल्लीत आहेत. वेळ झाली, थांबतो.